पांढऱ्या पडलेल्या पाटल्या

"ह्या पाटल्या माझ्या बायकोच्याच हायेत का, एवढंच मला सांगा," सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी उपरण्याची गाठ सोडून दोन पाटल्या टेबलावर ठेवल्या.

शहादेव वाघमाऱ्यांनी पाटल्यांना हात लावला नाही. आधी त्यांनी समोरच्या माणसाकडे पाहिलं. साठीचं वय, धुतलेला पण चुरगळलेला सदरा, दहा-बारा दिवसांची दाढी.

"बाईंना जाऊन किती दिवस झाले?"

"आज अकरावा." सर्जेराव चमकले. "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. बाई असत्या, तर पाटल्या त्यांच्या आहेत का नाहीत ते त्यांनीच सांगितलं असतं. त्यासाठी बीडला माझ्याकडं यायचं काम नव्हतं."

कोपऱ्यात बसलेल्या बन्सीने मान खाली घातली. चार वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा तोही असाच दाढी वाढवून बसला होता. अकरावा दिवस त्याला आठवत होता. घरात माणसं असतात, चहा होत असतो, आणि आपण मात्र दाराकडे बघत असतो.

शहादेव पोलिसांत जमादार होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बसस्टँडमागे ही खोली घेतली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, एक टेबल, तीन खुर्च्या. मेलेल्या जनावरांच्या विम्यापासून हरवलेल्या मोटारसायकलीपर्यंत सगळ्या चौकशा ते करत. बन्सी त्यांना गाडीवरून नेई-आणी. त्याचं डोकं सावकाश चालायचं, पण गाडी त्याने कधी बंद पडू दिली नव्हती.

"नीट सांगा," शहादेव म्हणाले.

सर्जेराव नांदूरघाटच्या पलीकडच्या एका वाडीचे. गावच्या सेवा सोसायटीचे चेअरमन. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेरा साली, वाडीची विहीर पौषातच आटली. माघात त्यांनी घराला कुलूप लावलं आणि जनावरं घेऊन सगळं कुटुंब चारा छावणीत गेलं. बंद पडलेल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या आवारात ती छावणी होती. वैशाखात, भर दुपारी, त्यांची बायको भामाबाई तिथे चक्कर येऊन पडली. उन्हाने गेली, डॉक्टर म्हणाले.

"छावणीतनं घरी आणलेल्या तिच्या ट्रंकेत ह्या पाटल्या हुत्या, पिवळ्या फडक्यात बांधलेल्या. माझ्या आईच्या. आईनं मरताना हिच्या हातात घातल्या. काल लेक म्हणली, तेराव्याच्या आधी दागिने धुऊन ठिवू, मग कुणाला काय द्यायचं ते ठरवू. सुनंनं धुतल्या. आन् वाटीतनं हे निघालं."

आता शहादेवांनी पाटल्या उचलल्या. एक अर्ध्याहून जास्त पांढरी पडली होती, जर्मनच्या भांड्यासारखी. दुसरीवर पांढरे डाग होते आणि मधून मधून सोनं पिवळंच होतं. त्यांनी आतल्या बाजूचा सोनाराचा झिजलेला शिक्का भिंगातून पाहिला.

"सोनाराला दाखवल्या?"

"न्हाई. नांदूरघाटचा मोहनराव सोनार सुनंच्या माहेराकडचा. रतन, माझी लेक, म्हणती त्योबी ह्याच्यात आसंल. दुसरीकडं न्याव्या तर घरचं हसं हुतंय."

"आणि सून?"

सर्जेरावांचा आवाज चढला. "परवा तेरावा. तिच्या भावाला निरोप धाडलाय. जेवण झालं की घेऊन जा म्हणलंय. दोन लेकरं आमची हायेत, ती हितंच ऱ्हातील. चोर बाई मी घरात ठिवीत नसतो."

"चोरी तिनं केली नसली तर?"

सर्जेरावांनी उपरण्याचं रिकामं टोक चाचपलं. मग म्हणाले, "म्हणून तर आलोय. सात वर्सं नांदली पोरगी. भामाच्या तोंडात शेवटचं पाणी तिनंच घातलं."

पाटल्या शहादेवांनी ठेवून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या रस्त्याला लागल्यावर बन्सी म्हणाला, "जमादार, माझ्या डोक्यात एक आलंय."

"बोल."

"पॉलिशवाले. दारोदार फिरतेत. दागिना तेजाबात बुडवतेत, सोनं तेजाबात उतरतंय, आन् बाई वरची चकाकी बघून खूश. भामाबाईला तसाच कुणीतरी भेटला आसंल."

"तेजाबानं सोनं झिजतं, बन्सी. पांढरं होत नाही."

बन्सीने गाडी सावकाश केली. खड्डा चुकवून पुन्हा म्हणाला, "मग बदलल्याच आसतील."

सून मनकर्णा परसात भांडी घाशीत होती. तिशीच्या आतली, डोळे सुजलेले. पाहुणे आले म्हणून उठली, पदर सावरला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"पाटल्या कशानं धुतल्या?" शहादेवांनी विचारलं.

"रिठ्यानं. आदल्या दिशी रिठे भिजत घातले. सकाळी कुस्करले, पाणी गाळलं, जरा कोमट केलं. मऊ बरशानं खाचांतनं फिरवलं."

"चिंच लावली? राख? दाताची पावडर?"

तिच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि गेलं. "सोन्याला? आत्यानं हात मोडला आसता माझा. चिंच तांब्याला, राख पातेल्याला. राखंनं सोन्याला चरे पडतेत. लग्नाच्या पयल्या दिवाळीलाच शिकवलंय त्यांनी मला."

बन्सीला आपली बायको आठवली. दिवाळीच्या आधी तीही अशीच वाटी घेऊन बसायची. धुतलेली पोत फडक्यावर ठेवायची आणि म्हणायची, हात लावू नका, वाळू द्या. त्याने मनकर्णाच्या हातांवरून नजर काढली.

"धुतल्यावर पाणी कसं झालं?"

"पिवळंजर्द. हळदीचा वास येत हुता."

"सासूबाई पाटल्या हळदीत ठेवायच्या?"

"कधीच न्हाई. मलाबी नवल वाटलं."

"धुताना जवळ कोण होतं?"

"वन्सं. ट्रंकेतनं त्यांनीच काढल्या, फडकं त्यांनीच सोडलं. समोरनं हलल्या न्हाईत. मी धुऊन ठिवल्या आन् त्या वरडल्या, काढलं गं हिनं सोनं."

"त्याआधी पाटल्या तुम्ही शेवटच्या कधी पाहिल्या होत्या?"

"संक्रांतीला, आत्याच्या हातात. मग छावणीत गेलो. पाडव्याला इचारलं, आत्या, पाटल्या घाला की, सण हाय. म्हणल्या, लगीनसराईत घालीन."

"पाडव्याला छावणीतच होता?"

"एक दीस घरी आल्तो, ज्वारी न्यायला. कोठीतनं मी काढते म्हणलं, तर आत्यानं मला भांडी घासायला भायेर धाडलं. त्या भायेर आल्या तवा हात खांद्यापातुर धुळीनं भरलेला आन् तोंड उतरलेलं. मला वाटलं, ज्वारीला कीड लागली. इचारलं तर वसकन अंगावर आल्या. तशा कधी येत नसत्या."

"आणि छावणीत परत गेल्यावर?"

मनकर्णाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "गप झाल्या. माणशी एक कळशी पाणी हुतं. आपली कळशी त्या येगळी ठिवायच्या. तोंड धुते म्हणून तांब्या घेऊन कडब्याच्या गंजीमागं जायच्या, अर्धा अर्धा घंटा. पाणी प्या म्हणलं तर म्हणायच्या, तान न्हाई."

ती थांबली. मग एकदम म्हणाली, "साहेब, मी न्हाई घेतलं. पण लेकरं माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या म्हणावं. धाकटा आजून माझ्याबिगर निजत न्हाई."

शहादेव म्हणाले, "उद्यापर्यंत थांबा." बन्सीला ते कमी वाटलं.

रतन ओसरीवर भेटली. परळीला दिलेली, बोलायला फटकळ.

"काय इचारायचं ते इचारा. माझी आई गेली आन् बारा दीस न्हाई झाले तर तिच्या पाटल्या गेल्या. आन् एवढ्यावरच भागत न्हाई, भाऊची अंगठी बघा! तीबी पांढरी पडलीया. नवऱ्याची अंगठी सोडली न्हाई, ती सासूच्या पाटल्या सोडती का?"

"ट्रंक दाखवा," शहादेव म्हणाले.

ट्रंकेत चार लुगडी होती, फणी, कुंकवाचा करंडा. तळाशी एका पिशवीत तीन पुड्या. शहादेवांनी एकेक सोडली. एकीत चिंचेचा गोळा, एकीत दाताची पावडर, एकीत राख. राख वस्त्रगाळ केलेली होती.

"सैपाकाचं आसंल," रतन म्हणाली.

"राखेचा स्वयंपाक?" शहादेवांनी पुडी तशीच बांधली. बन्सीला वाटलं, जमादारांनी उगीच बाईला टोकलं. चिंच तर स्वयंपाकाचीच होती.

तेवढ्यात रतनचा भाऊ, मनकर्णाचा नवरा त्रिंबक आला. डोक्याचं मुंडण केलेलं. पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता तो.

"अंगठी काढून द्या बरं," शहादेव म्हणाले.

त्रिंबकने ओढली. फिरवली. थुंकी लावून पाहिली. "निघत न्हाई साहेब. चार वर्सांमागं टँकरच्या झाकणात बोट सापडलं. सांधा सुजला तो तसाच ऱ्हायला. तवापासनं बोटातच हाय."

अंगठी वरून पिवळी होती. तळहाताकडची बाजू पांढुरकी.

"पांढरी कधी पडली?"

"संक्रांतीच्या मागंपुढं. म्हणलं डिझेलनं आसंल."

"संक्रांतीला घरात काय काम केलंत?"

"मी? मी कुठं घरात आसतो! हां, कोठीत ज्वारी भरली. त्यात कीड न लागायच्या टिकड्या टाकल्या. आईचा हात तळाला पोचत न्हवता, म्हणून मी वाकून हातानं पसरल्या."

"पाटल्या तुमच्या बायकोनं बदलल्या, असं तुम्हाला वाटतं?"

"आमचे आण्णा म्हणतेत की..."

"मी तुम्हाला विचारलं."

त्रिंबक जमिनीकडे बघत राहिला. दाराआड मनकर्णा उभी होती. तिनेही ते ऐकलं, आणि आत गेली.

माजघरातल्या पत्र्याच्या कोठीचं झाकण शहादेवांनी उघडलं. कोपरापर्यंत हात घालून ज्वारी वर काढली. दाणा स्वच्छ होता, एक किडा नाही. ज्वारीबरोबर राखाडी टिकड्या वर आल्या. काही अख्ख्या, काही फुटून भुगा झालेल्या. त्यांनी एक बन्सीच्या हातावर ठेवली.

"कशी आहे?"

"जड हाय," बन्सी म्हणाला. "एवढीशी, पण शिशाच्या गोळीसारखी. जमादार, पाटल्या तुमच्या खिशात हायेत, आन् तुमी ज्वारी कावून उकरायलात?"

कोठीमागे टिकड्यांचं रिकामं पाकीट पडलं होतं. शहादेवांनी चष्मा लावून त्यावरचा बारीक मजकूर सावकाश वाचला, पाकिटाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"भामाबाईंना वाचता येत होतं?" त्यांनी सर्जेरावांना विचारलं.

"न्हाई. अंगठा उठवायची."

परतीच्या वाटेवर ते छावणीत थांबले. कारखान्याची चिमणी थंड होती आणि तिच्या सावलीत दावणीला जनावरं. भामाबाईच्या शेजारच्या छपरात दगडाबाई राहत होती. वाडीच्या बायकांचा बचत गट तीच चालवायची. सोसायटीतून आलेल्या टिकड्या तिनेच वाटल्या होत्या.

"बायांना जमवून सगळं समजावून सांगितलं मी," ती म्हणाली. "पण भामा आन् तिची सून त्या दिशी नव्हत्या. त्रिंबकच टिकड्या घेऊन गेला, टँकर चालूच ठिवून. त्याला म्हणलं आरं ऐकून तर जा. कुठलं काय! पुरुषमाणसाला सांगणं आन् ह्या म्हशीला सांगणं एकच. म्हस निदान कान तरी हालवती."

बन्सी हसला. शहादेव हसले नाहीत.

"भामाबाई गंजीमागं काय करायच्या?"

"घाशीत बसायची कायतरी. मी इचारलं तर म्हणली, जोडवी काळी पडलीत. म्हणलं आगं बाई, प्यायला पाणी न्हाई आन् जोडवी कसली उजळतीस? तर रडायलाच लागली." दगडाबाईने डोळे पुसले. "लई भित्री हुती. त्या पाटल्यांचं तर तिला भारी भ्याव. सासूच्या ना! सर्जेराव चारचौघांत म्हणायचा, पाटल्या गेल्या तर पाटल्यांमागं तूबी घरातनं जायचं. आमी हसायचो. ती न्हाई हसायची."

नांदूरघाटला मोहनराव सोनाराने पाटल्या हातात घेतल्या मात्र, त्याच्या भुवया वर गेल्या. "अहो, ह्याला तर..."

"आत्ता काही बोलू नका," शहादेव म्हणाले. "फक्त वजन करा. मागं कधी केलं होतं?"

मोहनरावाने जुनी वही काढली. पाच वर्षांपूर्वी पाटल्या डागडुजीला आल्या होत्या, तेव्हाचं वजन लिहिलेलं होतं. त्याने आताचं केलं. दोनदा केलं.

"दोन गुंजा जास्त भरतंय."

"उद्या दुपारी वाडीला या. हे सगळ्यांसमोर सांगायचं आहे."

बाहेर आल्यावर बन्सी म्हणाला, "त्याला बोलू कावून दिलं न्हाई? सोनारच आसंल चोर. सुनंच्या माहेरचा हाय."

"बन्सी, तू आयुष्यात असा चोर पाहिलास का, जो चोरलेल्या मालात आपल्या पदरची भर घालून माल परत ठेवतो?"

बन्सीने किक मारली.

तेराव्याला अंगणात मांडव घातला होता. भावकी जमली होती. पंगत बसायची होती. गेवराईकडून मनकर्णाचा भाऊ बबनराव जीप घेऊन आला होता आणि कुणाशी न बोलता जीपजवळच उभा होता. मनकर्णाचं बोचकं ओसरीवर बांधून ठेवलेलं होतं. तिच्या दोन्ही पोरांना रतनने घट्ट धरलं होतं.

ओसरीवर सर्जेराव, त्रिंबक, रतन, दगडाबाई, मोहनराव. मनकर्णा खांबाला टेकून. शहादेवांनी पाटल्या घोंगडीवर ठेवल्या.

"सर्जेराव, तुम्ही विचारलं होतं, ह्या माझ्या बायकोच्याच का. होय. त्याच आहेत. आतला शिक्का झिजलेला आहे, तीस-चाळीस वर्षं हातात वापरून झिजतो तसा. कुणी काही बदललेलं नाही, कुणी काही काढलेलं नाही."

"मग पांढऱ्या कशा?" रतन फटकन म्हणाली.

"ताई, ते तुम्हीच मला सांगितलंत. भावाची अंगठी पांढरी पडली म्हणालात. ती अंगठी चार वर्षं बोटातून निघालेली नाही. न निघणारी अंगठी कुणी बदलू शकत नाही. म्हणजे सोनं बदललं नव्हतं, सोन्याला काहीतरी लागलं होतं. तळहाताच्या बाजूनं लागलं होतं. मग प्रश्न एवढाच राहिला, की त्रिंबकच्या तळहाताला आणि आईच्या पाटल्यांना, दोन्हींना शिवलेली वस्तू कोणती?"

त्यांनी खिशातून राखाडी टिकडी काढून पाटल्यांशेजारी ठेवली.

"मोहनराव, आता बोला."

"पारा," मोहनराव म्हणाला. "ह्या टिकड्यांत पारा आसतो. पारा सोन्याला चिकटला की सोनं पांढरं पडतं. काल हातात घेतल्या तवाच वळखलं मी. म्हणून वजनबी दोन गुंजा वाढलं. बदलून चांदीच्या ठिवल्या आसत्या तर वजन निम्म्यावर आलं आसतं."

"पाकिटावर लिहिलंय," शहादेव म्हणाले. "टिकड्या हाताळताना सोन्याचे दागिने काढून ठेवावेत. दगडाबाईंनी बायकांना ते सांगितलं. त्रिंबक ऐकायला थांबला नाही."

"पण पाटल्या हातात हुत्या," सर्जेराव म्हणाले. "कोठीत कशाला जातील?"

"घराला कुलूप लावून सगळे छावणीत चालला होता. छावणीत चार बांबूंचं छप्पर. तिथं पाटल्या घालून कसं राहायचं? घरात ठेवाव्या तर घर रिकामं. भामाबाईंनी त्या ज्वारीत खोल पुरल्या. किती घरांतल्या बायका असंच करतात. कुणाला सांगितलं नाही. दोन महिने पाटल्या त्या टिकड्यांच्या भुग्यात होत्या. पाडव्याला त्यांनी सुनेला बाहेर पाठवून हात घातला आणि ह्या अशा वर आल्या. हात धुळीनं भरलेला, तोंड उतरलेलं. सुनेला वाटलं कीड लागली. पण त्या ज्वारीत एक किडा नाही, मी पाहिलं."

शहादेवांनी रतनकडे पाहिलं.

"जी बाई सुनेला सांगायची, सोन्याला चिंच लावू नये, राख तर कधीच नाही, तिच्या ट्रंकेत चिंच आहे, पावडर आहे, गाळलेली राख आहे. रिठ्यानं काही होईना म्हटल्यावर तिला जे जे ठाऊक होतं ते सगळं तिनं केलं. गंजीमागं बसून, आपल्या वाटच्या पाण्यानं. पारा धुऊन जात नाही, हे तिला कोण सांगणार? शेवटी तिनं हळद चोळली, पिवळ्या दिसाव्यात म्हणून, आणि फडक्यात बांधून ठेवल्या. सुनेनं रिठ्याच्या पाण्यात टाकल्या, तेव्हा फक्त ती हळद निघाली."

"म्हणजे त्या पाण्यापायी..." त्रिंबक म्हणाला.

"ते मी सांगणार नाही. ते पाणी प्यायल्या असत्या तर काय झालं असतं, हे डॉक्टरलाही सांगता यायचं नाही."

सर्जेराव दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. "पण मला सांगायचं की," ते म्हणाले. "एका शब्दानं सांगायचं. मोहनरावाकडं घेऊन आलो आसतो. नवरा हाय ना मी तिचा."

"मोहनराव, ह्या पूर्ववत होतात?"

"हुतात की. उघड्यावर तापवायच्या, वाऱ्याकडं पाठ करून. धूर लई वाईट. पारा उडून जातो. अर्ध्या दिसाचं काम."

"अर्ध्या दिसाचं," सर्जेराव म्हणाले.

बन्सीला ते बघवेना. त्याने दुसरीकडे मान फिरवली. तेवढ्यात दगडाबाई बोलली. ती मोठ्याने बोलली नाही.

"सर्जेराव, तुमीच म्हणायचा ना? पाटल्या गेल्या तर तूबी जा."

"मी गमतीनं म्हणायचो, दगडाबाई! चाळीस वर्सं गमतीनं म्हणायचो."

"त्या गमत समजत नव्हत्या," मनकर्णा म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मलाबी तेच म्हणलात तुमी, मामंजी. सोनं गेलं, तूबी जा. मलाबी ती गमत वाटली न्हाई."

रतनचे हात सैल पडले होते. पोरं सुटून आईकडे धावली.

सर्जेराव उठले. खांबाला धरून पायऱ्या उतरले आणि मांडवात, पाटांवर बसू लागलेल्या भावकीसमोर उभे राहिले. आवाज नेहमीसारखा चढवायला गेले, पण तो चढला नाही.

"ऐका. माझ्या सुनंनं चोरी केलेली न्हाई. कुणीच केलेली न्हाई. माझी बायको मला भेत हुती, म्हणून हे झालं. आजून काय इचारायचं आसंल तर मला इचारा. तिला न्हाई."

सगळे पुढ्यातल्या पत्रावळीकडे बघत राहिले.

मनकर्णाने बोचकं उचललं. त्रिंबक पुढे झाला, "आगं, आता कशाला? आता तर सगळं..."

"काल साहेबांनी तुमाला इचारलं, तुमाला काय वाटतं. मी दाराआड हुते." तिने बोचकं दुसऱ्या हातात घेतलं. "मला आता कुणी हाकललेलं न्हाई. मी माझ्या पायानं चाललेय. लेकरं माझ्यासंगं येतील."

ती सर्जेरावांजवळ थांबली, वाकून पाया पडली. "न्यायला यायचं आसंल तर तुमी या, मामंजी. दुसऱ्या कुणाला धाडू नका."

"कवा येऊ?"

तिने जरा विचार केला. "सांगावा धाडीन."

"मी वाट बघतो," सर्जेराव म्हणाले. एवढं हळू त्यांना बोलताना वाडीत कुणी ऐकलं नव्हतं.

जीप गेली. सर्जेराव उन्हात तसेच उभे राहिले. भावकीतला कुणीही त्यांच्याजवळ जाईना. शहादेव बन्सीकडे पाहून म्हणाले, "चल, गाडी काढ."

बन्सीने गाडी काढली नाही. तो उन्हात गेला आणि सर्जेरावांचा दंड धरला.

"चला," तो म्हणाला. "पंगत खोळंबलीय. दोन घास खावंच लागतेत. मलाबी लागले हुते."

त्यांना घेऊन तो मांडवात आला, पाटावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला.